थँक्यूचं जेवण

देवीदास दवाखान्यातून घरी आला त्याला महिना होत आला होता, आणि लीलाबाईचा थकवा आत्ता कुठे घरी पोचत होता.

नागपूरला असताना ती थकली नव्हती. थकायला तिथे जागाच नव्हती. वॉर्डाबाहेरच्या फरशीवर चटई, उशाला कपड्यांची पिशवी, आणि नर्सने नाव पुकारलं की झोपेतून उठून पळायचं. आतड्याला पीळ पडला म्हणून देवीदासचं पोट उघडलं, मग जखम चिघळली, म्हणून पुन्हा उघडलं. तेवढे सगळे दिवस लीलाबाई ताठ होती. आता तो अंगणात खाटेवर बसून, उन्हाकडे पाठ करून, संत्र्याच्या फोडी एकेक करून खात होता. आणि ती भांडी घासता घासता हातातला तवा तसाच धरून बसून राहायची. समोर नळाचं पाणी वाहून जायचं.

"लीला, नळ!" देवीदास ओरडायचा.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या नगरपालिकेत त्याची सगळी नोकरी मोहल्ल्यामोहल्ल्यात नळ सोडण्यात गेली होती. वाया जाणारं पाणी पाहिलं की त्याला पोटाच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखायचं.

अशातच गुरुवारी पुण्याहून अंकुशचा फोन आला. अंकुश त्यांचा एकुलता एक मुलगा, एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. एरवी तो दोन मिनिटं बोलून ठेवायचा, पण त्या दिवशी त्याला भरपूर वेळ होता.

"आई, आज आमच्याकडे एकदम निवांत हाय. अमेरिकेतले साहेब लोक सुट्टीवर गेले. थँक्सगिव्हिंग हाय त्यायचं."

"काय गिव्हिंग?"

"थँक्स वं. वर्षभरात जे काही चांगलं झालं त्याचे आभार मानाचे, आन् घरी सगळ्यायनं बसून जेवाचं. मोठा सण असते तिकडे. मले वाटलं, आपणही कराले पाह्यजे. बाबा वाचले. लोकायनं केवढं केलं आपल्यासाठी."

फोन स्पीकरवर होता. देवीदास खाटेवरूनच बोलला, "आपल्याकडे माणूस गेल्यावर जेऊ घालतेत बापू. जिवंत माणसाच्या नावानं थँक्यूचं जेवण घातलं तं लोक म्हणतीन, गेला वाटते देवीदास."

"बाबा, तुमचं काही बी राह्यते!" अंकुश हसला. "आई, हॉलबिल नको, आचारी नको. घरीच कर. साधंच कर."

फोन बंद झाला आणि 'साधंच' हा शब्द लीलाबाईच्या डोक्यात फिरत राहिला. साध्या जेवणालाही कणीक दळून आणावी लागते, डाळ निवडावी लागते, अंगण झाडावं लागतं. पाहुण्यांसाठी पाणी भरून ठेवावं लागतं. पुण्यात बसून साधं म्हणणं सोपं होतं. पण मुलावर चिडायलाही अंगात जोर लागतो, आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट तिच्याही मनात होतीच. अंकुशने ती फक्त बोलून दाखवली.

कोणाकोणाला बोलवायचं हे तिला आठवावं लागलं नाही. रघुनाथरावांनी आपल्या गाडीतले संत्र्याचे क्रेट रस्त्यावर उतरवून ठेवले होते आणि कळवळणाऱ्या देवीदासला त्यात घालून स्वतः नागपूरला नेलं होतं. मेडिकलवाल्या भूपेंद्रने तिथे येऊन रक्त दिलं होतं. शोभा मंडीत तिच्या शेजारी बसून लहान-मोठी संत्री वेगळी करायची. तिने इतके दिवस लीलाबाईच्या बकऱ्या सांभाळल्या होत्या. आणि समोरच्या घरातली विजया.

विजयाचं नाव मनात आलं की लीलाबाईचं मन थोडं थांबायचं.

तिचा नवरा मुकुंद पोस्टातून निवृत्त झाला होता आणि आता एकच पेपर सकाळ-संध्याकाळ वाचायचा. दोन्ही घरांची दारं गल्लीत समोरासमोर. विजया नागपूरला बहिणीकडे जाऊन राहिली होती, आणि तिथून रोज दोन वेळा डबा घेऊन दवाखान्यात यायची. पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी ती लीलाबाईच्या शेजारी त्याच चटईवर बसली होती, रेशमी काठाच्या साडीत, पाय पोटाशी घेऊन. डॉक्टर बाहेर येईपर्यंत तिने लीलाबाईचा हात सोडला नव्हता. तिच्या डब्यातली भाजी-पोळी खाऊनच लीलाबाई तेवढे दिवस उभी राहिली होती.

पण इतक्या वर्षांत विजया लीलाबाईच्या घरी कधी जेवली नव्हती.

चहा प्यायची. संत्रं खायची, शेंगा खायची, तळलेला पापड खायची. ताट वाढायची वेळ आली की मात्र तिचा उपास असायचा. नाहीतर ती आत्ताच जेवून आलेली असायची, नाहीतर पोटात गॅस झालेला असायचा. अंकुश बारावी पास झाला तेव्हा उपास होता. नव्या घराचा स्लॅब पडला तेव्हाही उपास होता. बुद्धपौर्णिमेची खीर तर ती दरवर्षी झाकून घरी न्यायची. लीलाबाईने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आल्यावर मग रोज समोरचं दार उघडताना त्या उत्तराकडे पाहावं लागलं असतं.

तिला बाकी काही नको होतं. विजयाने एकदा आपल्या अंगणात बसावं आणि आपल्या हातचं पोटभर जेवावं, एवढंच. दवाखान्यातल्या त्या डब्यांचं उत्तर तिच्याकडे दुसरं कोणतंही नव्हतं.

"काय करतं मंग जेवाले?" संध्याकाळी देवीदासने विचारलं. जेवणाचा विषय निघाला की हल्ली त्याच्या तोंडावर रंग यायचा. डॉक्टरने त्याला पातळ वरण-भातावर ठेवलं होतं.

"पुऱ्या कराव्या का?"

"तेल किती लागते. आन् कढईपाशी उभी राहशीन का तू? पडशीन त्याच्यात."

"पोळ्या?"

"इतक्या जणायच्या पोळ्या लाटता लाटता सकाळ होईन. त्यापेक्षा श्रीखंड आण डब्यातलं आन् सगळ्यायच्या हातावर ठेव. म्हण थँक्यू."

"तुम्ही निजा बरं."

बराच वेळ ती चुलीपाशी बसून राहिली. मग तिला रोडगे सुचले. रोडग्यांना काय लागतं? जाडसर कणीक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. अंगणात गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा आर करायचा, त्यात गोळे टाकायचे आणि बाजूला बसून उलटत राहायचं. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. थंडीही पडायला लागली होती. कोणी नाव ठेवणार नाही असं जेवण, आणि मुख्य म्हणजे बसल्या बसल्या होणारं. रविवार ठरला, कारण शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांची एवढी गर्दी असते की रघुनाथरावांच्या गाडीला त्या दिवशी उसंत नसते.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांना आवतन देऊन आली. दुपारी विजया स्वतःच गल्ली ओलांडून आली. हातात चष्मा, केस अर्धे विंचरलेले. कोणाच्या घरचा कार्यक्रम असला की तिला आपोआप हुशारी यायची.

"रोडगे ना? झकास. हे तर ऐकूनच खूश झाले. हे पाहा लीला, आता ऐकून घे. वांगी मी मोहगावहून मागवली, तिथली चांगली असतात. वरण माझ्या कुकरमध्ये होते. कणीक मी मळते. आर तेवढा तुमच्या अंगणात पेटवू, आमच्याकडे फरशी आहे ना. रोडगे मीच टाकते. तू बसून राहा नुसती. तू कशालाच हात लावू नको."

लीलाबाईने पदराला हात पुसले.

"समजलं का? बिलकुल हात लावायचा नाही."

"बरं," लीलाबाई म्हणाली.

विजया गेल्यावर तिला वाटलं, आपण बरं का म्हटलं? पण त्या क्षणी तिला खरोखरच बरं वाटलं होतं. कणीक मळायची नाही, वांगी चिरायची नाहीत, नुसतं भिंतीला टेकून बसायचं. तिच्या दुखणाऱ्या खांद्यांना ते ऐकूनच सैल झाल्यासारखं झालं होतं. आणि त्याच वेळी ते शब्द कुठेतरी आत जाऊन टोचले होते. हात लावू नको. तिच्या आईला विहिरीवर कोणी तसं म्हटलं होतं, आजीला तर रोजच म्हणत. तिला स्वतःला असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं तर ते इतक्या मायेने, की राग धरायलाही जागा ठेवली नव्हती.

दुखलं की सुटल्यासारखं वाटलं, हे तिचं तिलाच ठरवता येईना. दोन्ही एकदम होतं, आणि दोन्हींनी ती आणखीच दमली.

"झालं तं मंग," देवीदास म्हणाला. त्याने खाटेवरून सगळं ऐकलं होतं. "आपल्याच जेवणाले आपण पाहुणे. तुले आराम झाला."

"तुमाले नाही समजलं का ते का म्हणल्या?"

"समजलं."

"मंग?"

देवीदासने पोटावरचा शर्ट नीट केला. "लीला, त्या बाईनं तुले जेऊ घातलं, मी वाचलो. आता तिच्या ताटात काय हाय आन् कोनाच्या हातचं हाय, हे कायले पाह्यतं? खाऊ दे तिले काय खाते ते. मी तं जिवंत हाओ."

"तुम्ही नळ सोडत होते तं सगळ्या गल्ल्यायले सारखं सोडत होते ना?"

"हाव."

"एखाद्या गल्लीनं म्हटलं असतं, आमाले तुमच्या हातचं पाणी नको, तं?"

देवीदास म्हणाला, "म्हणत होते एक-दोन जण सुरुवातीले. उन्हाळा आला आन् गप्प झाले." हसू आलं तर टाके ओढतात म्हणून तो तोंड दाबून हसला. लीलाबाईला हसू आलं नाही.

शनिवारी सकाळपासून जामसांवलीकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न मोठ्या रस्त्यावरून ऐकू येत होते. लीलाबाई अंगण झाडायला उठली आणि अर्ध्यावर झाडू टाकून समोर विजयाच्या घरी गेली. जाताना तिला माहीत नव्हतं की आपण काय बोलणार आहोत. बोललो नाही तर उद्या भिंतीला टेकून बसावं लागेल आणि आपल्याच अंगणात विजयाला विजयाच्याच हातचं जेवताना पाहावं लागेल, एवढंच तिला कळत होतं. त्यानंतर समोरचं दार उघडणं जड जाईल, कदाचित कायमचं.

मुकुंद बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. विजया स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होती.

"ये, बस. वांगी पाहिली का? ती बघ टोपलीत. काटेरी देठाची आहेत."

"चांगली हायेत."

"बी नाही राहत यांच्यात."

"हाव."

लीलाबाईने एक वांगं हातात घेतलं, फिरवलं, परत ठेवलं. मग खालीच पाहत म्हणाली, "ताई, उद्या तुम्ही माह्या हातचं खासान का?"

विजयाचे हात मेथीत थांबले.

"असं काहून विचारून राहिली?"

"तुम्ही म्हटलं ना, हात लावू नको."

"अगं माय!" विजयाने हातातली जुडी खाली टाकली. "तुझी हालत पाहून म्हटलं वं. परवा नळावर तू उभ्या उभ्या झोपली होती. बादली भरून वाहून राहिली होती, मी गॅलरीतून पाहिलं. म्हटलं, ही बाई आता आडवी होते. म्हणून म्हटलं."

"ते खरं हाय. झोपली होती मी."

"मग?"

"मंग काही नाही." लीलाबाईचा आवाज फार बारीक झाला. "पण माह्या घरी तुमचा दरवेळी उपासच असते ताई."

बाहेर पेपरचा आवाज बंद झाला. विजयाने मेथीची एक काडी उचलली, तिची पानं खुडली, आणि पानं कचऱ्यात टाकून काडी ताटात ठेवली.

"सासूबाई होत्या तोवर," ती म्हणाली, "घरात पाय नसता ठेवू दिला त्यांनी मला."

"त्यायले जाऊन लय वर्षं झाली."

"झाली." ती थांबली. "त्या गेल्या तेव्हा मी ठरवलं होतं, आता लीलाकडे जेवायचं. खरंच ठरवलं होतं. पण एकदम कशी जेवू? तू म्हटलं असतं, आज कशी काय जेवली? मग आधी का नाही जेवली, ते सांगावं लागलं असतं. एकदा उपास सांगितला की पुढच्या वेळी पण सांगावा लागते. मग तेच चालू राहिलं. मला वाटे, तुला खरंच वाटते की माझे उपास आहेत."

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"पहिल्याच?"

"तुम्ही उपास म्हणे आन् घरी जाऊन फोडणी टाके. समोरच तं घर हाय. वास येते."

विजया लाल झाली. बाहेरून मुकुंदचा आवाज आला, "मी तर पोस्टात होतो तेव्हा देवीदासभाऊच्या डब्यातली भाकर रोज खायचो."

"तुम्हाला कोणी विचारलं का?" विजया तिथूनच ओरडली. "आणि मला हे आजपर्यंत कधी सांगितलं नाही!"

"तू कधी विचारलं नाही."

पेपर पुन्हा वाजायला लागला. लीलाबाईला वाटलं होतं की हे बोलून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त पाय दुखत होते. विजया रडेल की काय अशी तिला भीती वाटली, कारण मग तिची समजूत घालावी लागली असती आणि तेवढं त्राण तिच्यात नव्हतं. पण विजया रडली नाही.

"उद्या रोडगे तूच कर," ती म्हणाली. "सगळं तूच कर. मी मधात येत नाही."

"हाव," लीलाबाई म्हणाली, आणि उठली.

गल्ली ओलांडून आपल्या दारात आल्यावर तिच्या लक्षात आलं की आता खरोखरच सगळं आपल्यालाच करायचं आहे. कणीक, वांगी, वरण, सगळं. ती तशीच उंबऱ्यावर बसली.

"काय झालं?" देवीदासने विचारलं.

"येऊन राहिल्या जेवाले."

"मंग तोंड असं काहून केलं?"

"वांगी तिथंच राह्यली त्यायच्याकडे. परत जा लागते."

रविवारी दुपारी शोभा मदतीला आली म्हणून निभावलं. शोभा तोंडाने फटकळ, पण हाताला झपाटा. तिने वांगी चिरली, वाटण वाटलं, आणि सगळा वेळ मंडीतल्या गोष्टी सांगत राहिली. कणकेला मात्र लीलाबाईने तिला हात लावू दिला नाही.

"अवं, दे इकडे. तुह्यात जोर कुठी हाय? परातीवरच पडशीन."

"तू भाजी पाह्य."

"नवरीसारखी सजवून राहिली ती कणकीले. रोडगेच हायेत ना?"

लीलाबाईने कणीक घट्ट भिजवली. छोट्या छोट्या पाऱ्या थापून, मध्ये तेल लावून, एकावर एक ठेवून गोळे बंद केले. तळवे भरून आले. दर दोन गोळ्यांनंतर ती हात मांडीवर ठेवून थांबायची. अंगणात गोवऱ्या पेटून त्यांचा लाल आर झाला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तिने गोळे निखाऱ्यांत मांडले, वरून राख सारखी केली आणि चिमटा घेऊन बाजूला बसली. आराची ऊब तोंडावर येत होती. कित्येक दिवसांत अशी ऊब तिला मिळाली नव्हती. पाठ भिंतीला टेकली, आणि डोळा कधी लागला ते तिला कळलं नाही.

"लीला!" देवीदासची हाक आली. "पाहुणे आले वं!"

ती दचकून उठली आणि घाईघाईने रोडगे उलटायला लागली. वरून ते छान तांबूस झाले होते. थोडा वेळ दुसरी बाजू शेकली आणि काढायला घेतले.

रघुनाथराव धोतर सावरत सतरंजीवर बसले. भूपेंद्र दुकान नोकरावर सोडून आला होता, त्याचं लक्ष सारखं फोनकडे. मुकुंद आणि विजया सगळ्यांत शेवटी आले. विजयाने साधी सुती साडी नेसली होती आणि हातात काहीच आणलं नव्हतं. एरवी ती गल्ली ओलांडतानासुद्धा झाकलेली वाटी घेऊन यायची. तिचे रिकामे हात पाहून लीलाबाईला कसंसंच झालं.

"आज उपास नाही ना वहिनी?" देवीदासने खाटेवरून विचारलं.

लीलाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आपली वरण-भाताची ताटली उगीच पुढे ओढली.

"उपास नाही भाऊजी," विजया म्हणाली, "पण सकाळपासून उपाशी आहे. रोडग्यांसाठी जागा ठेवली." आणि ती ओळीत बसली.

लीलाबाईने वाढलं. भाजी, वरण, कांदा, मग रोडगे. देवीदासला काहीतरी बोलायचं होतं. अंकुशने फोनवर पढवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यायनं..." आणि पुढे त्याला येईना. रघुनाथरावांनी हात हलवला. "राहू द्या देवीदास. जेवण थंडं होते."

सगळे जेवायला लागले. भूपेंद्र म्हणाला, "वा भाभी, एकदम मस्त." रघुनाथरावांनी मान डोलावली, "खमंग झाले." लीलाबाईने ते अर्धवटच ऐकलं. तिचं सगळं लक्ष शेवटच्या ताटाकडे होतं.

विजयाने रोडगा दोन्ही हातांनी फोडला. एक तुकडा वरणात बुडवून तोंडात घातला, चावला. मग थांबली. फोडलेल्या भागाकडे पाहिलं, मध्ये बोटाने दाबलं, आणि पुन्हा पाहिलं.

लीलाबाईच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. तिला एकदम समजलं. आपण झोपलो होतो. आता ही मुकाट्याने गिळेल आणि छान झालं म्हणेल, नाहीतर ताटाच्या कडेला सारून ठेवेल आणि पोट भरलं म्हणेल. दोन्ही तिला सारखंच वाटलं. दोन्ही म्हणजे उपासच.

"लीला," विजया म्हणाली.

"हं?"

"हा मधून कच्चा आहे वं. पीठ चिकटून राहिलं दाताला."

रघुनाथरावांचा घास ओठाशी थांबला.

"तुमचा कसा आहे हो रघुनाथराव?"

"नाही... चांगला आहे. म्हणजे मधात थोडासा..."

"थोडासा काय, खरं सांगा ना! अर्धा कच्चा खाऊन बसले आणि खमंग म्हणून राहिले. भूपेंद्र, तुझा?"

"माझा तर मी खाऊन टाकला काकू," भूपेंद्र म्हणाला, आणि शोभा जोरात हसली. मग मुकुंद हसला. देवीदास पोट दाबून म्हणाला, "हसवू नका रे, टाके जातीन."

"काय घाई होती तुला?" विजया लीलाबाईवर चिडलीच. "काल तर मोठी म्हणून राहिली होती, माझ्या हातचं, माझ्या हातचं. हे घे. परत टाक सगळे आरात. फोडलेली बाजू खाली ठेव."

तिने आपला अर्धा खाल्लेला रोडगा ताटातून उचलून पुढे धरला. लीलाबाईने तो घेतला. मग ओळीतून फिरत एकेकाचा गोळा केला आणि आरापाशी जाऊन बसली. राख बाजूला सारली. खाली निखारे अजून लाल होते. तिने तोंड खाली घालून फुंकर मारली आणि तुकडे एकेक करून मांडले. धूर डोळ्यांत गेला. ते एक बरं झालं.

"आणि आता झोपू नको तिथं," मागून विजयाचा आवाज आला. "नाहीतर जळतील."

"नाही झोपत."

"होऊ दे निवांत. आम्ही बसलो आहोत. शोभा, भाजी आण इकडे."

लीलाबाई चिमटा धरून बसली. पाठ दुखत होती, डोळ्यांवर झापड येत होती, आणि मागे सगळे एकदम बोलत होते. रोडगे शेकून होईपर्यंत विजयाने वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.